बँडचं देवक

(गिरगावातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान. बोलण्याचा सूर कायम ठेवून संपादित केलं आहे.)

नमस्कार मंडळी.

बीटल्स, ॲनिमल्स, मंकीज, बर्ड्‌स, ईगल्स, स्कॉर्पियन्स, गोरिलाझ, आर्क्टिक मंकीज. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतातल्या बँडांची ही नावं तुम्ही ऐकलेली आहेत, आणि घरातल्या कुणा ना कुणाच्या टी-शर्टवर वाचलेलीही आहेत. भुंगेरे, माकडं, पाखरं, गरुड, विंचू. एका संगीतात एवढे प्राणी कुठून शिरले, हा प्रश्न मला बरीच वर्षं धरून बसला आहे. नेहमीचं उत्तर असं मिळतं की तरुण पोरं होती, गंमत म्हणून ठेवली नावं. गंमत होतीच. पण नुसत्या गमतीच्या नावासाठी माणसं वीस-पंचवीस वर्षांनी कोर्टाची पायरी चढत नाहीत. ही माणसं चढली, त्यांच्याकडे मी येणार आहे.

आधी आपल्या घरापासून सुरुवात करू. आपल्याकडे मिळून गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे गट काही कमी नाहीत. त्यांना नावं कशी पडली? किर्लोस्कर नाटक मंडळी, गंधर्व नाटक मंडळी, म्हणजे मुख्य माणसाच्या नावाने. तमाशाचा फड फडमालकाच्या किंवा फडमालकिणीच्या नावाने. भजनी मंडळ देवाच्या नावाने, नाहीतर आळीच्या. घराणी गावांच्या नावाने: ग्वाल्हेर, किराणा, जयपूर. पक्षी आपल्या संगीतात नाहीत असं मुळीच नाही. लताबाईंना आपण गानकोकिळा म्हणतो. पण ती कोकिळा एका गळ्याला लोकांनी बहाल केलेली पदवी आहे. चौघांनी एकत्र बसून ‘आजपासून आम्ही कोकीळ’ असं ठरवणं, ही रीत आपल्या संगीतात रुजली नाही.

मग प्राणी अख्ख्या समूहाला लावायची पद्धत आपल्याकडे कुठे आहे? लग्नाच्या मांडवात आहे. देवक. मोऱ्यांचं देवक मोराचं पीस, साळुंख्यांचं साळुंकीचं पीस. कुणाचं कळंब, कुणाची पंचपालवी. लग्नाआधी देवक बसवतात, त्याची पूजा होते, आणि दोन घरांचं देवक एक निघालं तर सोयरीक जुळत नाही, कारण मग ती माणसं भाऊबंद ठरतात. ते पीस कुणा एकाच्या मालकीचं नसतं. कुळातल्या थोरल्याचं जेवढं, तेवढंच काल जन्मलेल्या पोराचं.

माझं म्हणणं असं आहे की बँडला दिलेलं प्राण्याचं नाव हे देवकच आहे. आपलं देवक असलेलं नातं सांगतं. बँडचं देवक नसलेलं नातं उभं करतं. वेगवेगळ्या घरांतली, एकमेकांशी रक्ताचा संबंध नसलेली चार-पाच मुलं एक प्राणी निवडतात आणि त्या दिवसापासून भाऊबंद होतात. आणि भाऊबंद म्हटलं की भाऊबंदकी आलीच.

आता अमेरिकेत जाऊ. दुसरं महायुद्ध संपल्यानंतरची मोठी शहरं. काळ्या तरुणांचे गट रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून गायचे. वाद्यं परवडत नसत, म्हणून वाद्यांचं कामही गळेच करायचे: एक जण खर्जातून बासचा ठेका धरी, दोघं-तिघं मागे स्वर भरत, एक पुढे गाई. याआधीच्या गटांची नावं कशी होती? मिल्स ब्रदर्स, म्हणजे सख्खे भाऊ. गोल्डन गेट क्वार्टेट, म्हणजे चौकडी. मग न्यूयॉर्कमध्ये रेव्हन्स आले, आणि १९४८ साली बाल्टिमोरच्या ओरिओल्सचं गाणं देशभर गाजलं. ओरिओल हा त्यांच्या मेरीलँड राज्याचा पक्षी. त्यानंतर पाखरांची रांगच लागली: शिकागोचे फ्लेमिंगोज, आणि क्रोज, स्वॉलोज, लार्क्स, रॉबिन्स, कार्डिनल्स. लॉस एंजेलिसच्या पेंग्विन्सनी तर आपलं नाव सिगारेटच्या पाकिटावरच्या पेंग्विनवरून घेतलं, आणि १९५४ सालचं त्यांचं ‘अर्थ एंजल’ अजून वाजतं. या सगळ्यांना तिकडचे संगीताचे अभ्यासक ‘बर्ड ग्रुप्स’ असंच म्हणतात.

पक्षीच का? गातात म्हणून, हे उघड आहे. पण पेंग्विन कुठे गातो? माझा अंदाज वेगळा आहे. ज्या देशात शाळा वेगळ्या, बसमधली बाकं वेगळी, पाणी प्यायचे नळसुद्धा वेगळे, तिथे माणसाचं आडनाव आणि त्याची वस्ती त्याच्याआधी पोचते. पक्ष्याला वस्ती नसते. आडनाव ऐकताच समोरच्याच्या चेहऱ्यावर काय हलतं, हे आपल्याला शिकवायला नको. म्हणून या नावांकडे बघताना मला त्यांतला मोकळेपणा फार जवळचा वाटतो.

यानंतर १९५७ सालची एक गोष्ट सांगतो, कारण ती या सगळ्याच्या मध्यावर आहे. टेक्ससमधल्या लबक गावचा गायक बडी हॉली. त्याने १९५६ मध्ये नॅशव्हिलला डेक्का कंपनीसाठी काही गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यांतलं ‘दॅटल बी द डे’ कंपनीने तेव्हा बाहेर काढलंच नाही आणि करारही पुढे चालवला नाही. पण करारातलं एक कलम शिल्लक राहिलं: ही गाणी पाच वर्षं दुसऱ्या कुणासाठी पुन्हा मुद्रित करायची नाहीत. हॉली आणि त्याचे साथीदार न्यू मेक्सिकोतल्या क्लोव्हिसला नॉर्मन पेटीच्या स्टुडिओत गेले आणि फेब्रुवारी १९५७ मध्ये ते गाणं नव्याने मुद्रित केलं. आता बडी हॉली हे नाव तबकडीवर छापायची सोय नव्हती. म्हणून नाव ठरलं क्रिकेट्स, म्हणजे रातकिडे. त्याआधी या मंडळींनी बीटल्स या नावाचाही विचार केला होता. आणि ज्या ब्रन्सविक लेबलवर ती तबकडी निघाली, ती डेक्काचीच उपकंपनी होती. सप्टेंबरमध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. एका माणसाचं नाव ज्या कागदाने बांधून ठेवलं होतं, त्या कागदाखालून रातकिडे निसटले.

आणखी एक सांगायचा मोह होतो. त्याच उन्हाळ्यात क्लोव्हिसच्या स्टुडिओत, आवाजाला घुमारा देण्यासाठी जी वेगळी खोली होती, तिच्यात खराखुरा रातकिडा शिरला. ‘आय ॲम गॉना लव्ह यू टू’ या गाण्याच्या शेवटी तो ऐकू येतो. त्यांनी तो काढून टाकला नाही, हे मला फार आवडतं.

बडी हॉली १९५९ च्या फेब्रुवारीत विमान अपघातात गेला. अवघा बावीस वर्षांचा. तोपर्यंत लिव्हरपूलमधली काही मुलं त्याची गाणी पाठ करून बसली होती. त्या वर्षी त्यांच्या गटाचं नाव होतं जॉनी अँड द मूनडॉग्ज. नीट बघा, पुढे नायक आणि मागे त्याचे कुत्रे. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये हाच रिवाज होता: क्लिफ रिचर्ड अँड द शॅडोज, जेरी अँड द पेसमेकर्स. एक पुढे, बाकीचे मागे. १९६० मध्ये स्टुअर्ट सटक्लिफ आणि जॉन लेनन यांनी क्रिकेट्सच्या धर्तीवर कीटकाचं नाव काढलं. मधल्या काही महिन्यांत बीटल्स, सिल्व्हर बीटल्स असे फेरफार झाले आणि ऑगस्टमध्ये हॅम्बर्गला निघताना फक्त ‘द बीटल्स’ उरलं. त्यांच्या पोशाखाबद्दल आणि केसांबद्दल ढिगाने लिहिलं गेलं आहे. माझ्या मते त्यांनी केलेली पहिली मोठी गोष्ट म्हणजे नावातून जॉनी वजा केला. गटाचा पुढारी लेननच होता, नावावर त्याचाच हक्क होता. तो हक्क सोडल्यामुळे चौघंही सारखे बीटल झाले, आणि लोकांना चारही चेहरे वेगवेगळे ओळखता येऊ लागले. पुढे एक आणि मागे सावल्या असत्या, तर रिंगो स्टारचं नाव आज या सभागृहात किती जणांना ठाऊक असतं?

देवक घेतल्यावर सगळं गोड होतं असं मात्र नाही. न्यूकॅसलच्या ॲनिमल्सचं उदाहरण घ्या. आधी या गटाचं नाव ॲलन प्राइस यांच्यावरूनच होतं. मग ते ॲनिमल्स झाले. १९६४ मध्ये त्यांनी ‘हाउस ऑफ द रायझिंग सन’ हे पारंपरिक लोकगीत आपल्या पद्धतीने बांधलं, आणि ते इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेतही पहिल्या क्रमांकावर गेलं. एरिक बर्डनचा आवाज, हिल्टन व्हॅलेंटाइनच्या गिटारचे सुरुवातीचे ते सुटे सुटे स्वर, प्राइसचा ऑर्गन. पाचही जणांची मेहनत कानांना स्पष्ट ऐकू येते. पण तबकडीच्या लेबलवर संगीतरचना म्हणून एकच नाव छापलं गेलं, ॲलन प्राइस. पाच नावांना लेबलवर जागा नव्हती, असं कारण सांगितलं जातं. रॉयल्टी छापलेल्या नावाकडे जाते. पुढच्याच वर्षी प्राइस गटातून बाहेर पडले, आणि बाकीच्यांच्या मनातला तो सल बर्डन यांनी पुढे अनेक वर्षं बोलून दाखवला. समूहाचं नाव प्राण्याचं ठेवता येतं, चेक मात्र माणसाच्या नावाने निघतो. आपल्याकडे एकत्र कुटुंबातली शेतं एकाच भावाच्या नावाने सातबाऱ्यावर चढली की पुढे काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे.

कोर्टाची गोष्ट बर्ड्‌सची. लॉस एंजेलिसचा हा बँड १९६५ साली प्रकाशात आला, १९७३ पर्यंत पार विखुरला. ऐंशीच्या दशकात मूळचे ड्रमर मायकेल क्लार्क बर्ड्‌सच्या नावाने कार्यक्रम करत फिरू लागले. रॉजर मॅक्‌ग्विन, डेव्हिड क्रॉस्बी आणि ख्रिस हिलमन या तिघांना ते सहन झालं नाही. १९८९ मध्ये ते कोर्टात गेले, नावावर आपलाही ताबा आहे हे दाखवायला मुद्दाम बर्ड्‌स म्हणून एकत्र कार्यक्रमही केले. कोर्टाने क्लार्क यांना थांबवायला नकार दिला. तिघांची बाजू मला समजते, आणि क्लार्क यांचीही समजते. पहिल्या दिवसापासून ड्रमवर बसलेल्या माणसाला ‘तू आता पाखरू नाहीस’ असं कुणी सांगायचं?

याच्या अगदी उलटी कथा मंकीजची. १९६५ मध्ये हॉलिवूडच्या वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन चार तरुण निवडले गेले. दूरदर्शन मालिकेत बँडचं काम करायला! नाव मालिकेवाल्यांनी दिलेलं, गाणी दुसऱ्यांनी लिहिलेली, वाद्यं बहुतेक दुसऱ्यांनीच वाजवलेली. सप्टेंबर १९६६ मध्ये मालिका सुरू झाली आणि तबकड्या लाखांनी खपल्या. कुणीही म्हणेल, पोरांनी पगार घ्यावा आणि गप्प बसावं. पण ती गप्प बसली नाहीत. स्वतः वाजवायला मिळावं म्हणून निर्मात्यांशी भांडली, आणि १९६७ च्या ‘हेडक्वार्टर्स’मध्ये त्यांनी स्वतः वाजवलं. तो अल्बम फार मोठा आहे असं मी म्हणणार नाही, वादनात कच्चेपणा जाणवतो. तरी मला तो त्यांच्या आधीच्या गुळगुळीत गाण्यांपेक्षा प्रिय आहे. वरून चिकटवलेलं नाव त्यांनी मेहनतीने आपलं केलं.

आणि नाव आपलं झालं की माणसं एकमेकांसाठी किती थांबतात, ते शेफील्डच्या डेफ लेपर्डने, म्हणजे बहिऱ्या बिबट्याने, दाखवलं. ३१ डिसेंबर १९८४ रोजी त्यांचे ड्रमर रिक ॲलन यांना मोटार अपघातात डावा हात गमवावा लागला. वय एकवीस. ड्रमरला हात नाही म्हटल्यावर दुसरा ड्रमर शोधणं, हा व्यवहार कुणालाही कळतो. बँडने तो केला नाही. ॲलन यांच्यासाठी इलेक्ट्रॉनिक ड्रम तयार करून घेतले. डाव्या हाताने जे ठोके पडायचे, ते डाव्या पायाच्या पेडलवर आणले. त्यांनी नव्याने रियाज केला. ऑगस्ट १९८६ मध्ये ते इंग्लंडमधल्या डॉनिंग्टनच्या संगीत महोत्सवात प्रचंड गर्दीसमोर वाजवायला बसले, आणि १९८७ मध्ये आलेला ‘हिस्टेरिया’ त्या बँडचा सर्वांत गाजलेला अल्बम ठरला. तबल्याच्या किंवा ढोलकीच्या मैफलीत बसणाऱ्यांना हे काम किती अवघड आहे ते सांगायची गरज नाही. हाताची सवय पायात उतरवायची!

स्कॉर्पियन्स, व्हाइटस्नेक वगैरे मंडळींवर मी वेळ घालवत नाही. तिथे विष आणि दात दाखवायची हौस जास्त आहे, समूहाचा विचार कमी. गोरिलाझ १९९८ मध्ये आले ते चित्रातले बँड म्हणून. डेमन अल्बर्न यांचं संगीत, जेमी ह्युलेट यांची चित्रं. तिथे माणसंच दिसत नाहीत, फक्त देवक दिसतं.

आता मुंबई. १९६५ साल. ‘गुमनाम’मधलं शंकर-जयकिशनचं ‘जान पहचान हो’ आठवा. रफीसाहेबांचा आवाज, डोळ्यांवर मुखवटा लावून नाचणाऱ्या लक्ष्मी छाया, आणि मागे गिटार घेतलेला मुंबईचा बँड. त्या बँडचं नाव टेड लायन्स अँड हिज कब्ज. पुढे सिंह, मागे त्याचे छावे! त्याच वर्षीच्या ‘जानवर’मध्ये शम्मी कपूरवर चित्रित झालेलं एक गाणं बीटल्सच्या ‘आय वाँट टू होल्ड युअर हँड’च्या चालीवर बांधलं होतं, आणि त्यातही लांब केसांचे टोप घालून हाच बँड दिसतो. लिव्हरपूलचे भुंगेरे पाच वर्षांपूर्वीच बिनपुढाऱ्याचे झाले होते. आपल्या शहरात तेव्हाही सिंह पुढे आणि छावे मागे अशीच मांडणी होती. पण ती मुलं किती जीव तोडून वाजवण्याचा अभिनय करतात ते बघा. ‘जान पहचान हो’ पुढे २००१ मध्ये ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकन चित्रपटाच्या सुरुवातीला वापरलं गेलं आणि जगभरच्या लोकांना ते छावे दिसले.

पुढारी वजा करण्याचं काम भारतात कलकत्त्याने केलं. गौतम चट्टोपाध्याय आणि त्यांचे मित्र, १९७५ च्या सुमारास. त्यांच्या गटाचं एक सुरुवातीचं नाव ‘गौतम चट्टोपाध्याय बीएस्सी ओ संप्रदाय’ असं होतं. मग त्यांच्यातल्याच रंजन घोषाल यांनी जीवनानंद दास यांच्या कवितेतली एक प्रतिमा सुचवली आणि नाव झालं ‘महीनेर घोडागुली’, महीनचे घोडे. महीन कुणीच नाही, सगळे घोडेच. तेव्हा त्यांना फारसे श्रोते मिळाले नाहीत. पण नव्वदीत त्यांची गाणी पुन्हा आली, आणि ‘पृथिबीटा नाकी’ या त्यांच्या गाण्याची चाल २००६ च्या ‘गँगस्टर’मध्ये ‘भीगी भीगी’ म्हणून आली. तुमच्यापैकी अनेकांनी ते घोडे नकळत गुणगुणले आहेत.

मुंबईत आज इंग्रजी गाणाऱ्या बँडांची पिढी मोठी आहे. त्यांतला मेड्युसा नावाचा बँड २०११ च्या आसपास स्काय रॅबिट, म्हणजे आकाशातला ससा, झाला आणि पुढच्या वर्षी त्या नावाचाच अल्बम काढला. मराठीत मात्र आपण अजून माणसाच्या किंवा देवाच्या नावापाशीच आहोत. गिरगावच्या, लालबागच्या बँजो पार्ट्यांत काय ताकदीची पोरं आहेत! त्यांच्यातल्या एखाद्या गटाने घार किंवा खेकडा असं नाव घ्यावं आणि स्वतःच्या चाली बांधाव्यात, असं मला मनापासून वाटतं.

शेवटी देवकाची दुसरी बाजू, आणि ती इथून चालत जाता येईल अशा अंतरावर घडली आहे. जानेवारी १९६८. बीटल्समधले जॉर्ज हॅरिसन मुंबईत आले आणि फोर्टमध्ये फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत त्यांनी आपल्याकडच्या वादकांना घेऊन ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचं संगीत मुद्रित केलं. त्याच सत्रांत ‘द इनर लाइट’ या गाण्याचा वाद्यमेळही झाला. फेब्रुवारीत लंडनला त्यावर हॅरिसन यांचा आवाज चढला, शेवटी लेनन आणि मॅकार्टनी यांनी थोडा स्वर भरला, आणि मार्चमध्ये ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला ते बाहेर आलं. म्हणजे बीटल्सचं हे असं गाणं आहे ज्यात एकाही बीटलने वाद्याला हात लावलेला नाही. सगळी वाद्यं मुंबईत वाजली.

‘वंडरवॉल म्युझिक’ हा अल्बम हॅरिसन यांच्या स्वतःच्या नावावर निघाला, आणि त्यावर आपल्याकडच्या वादकांची नावं छापली गेली. ‘द इनर लाइट’ची तबकडी बीटल्सच्या नावावर निघाली, तिच्या लेबलवर एकाचंही नाव नाही. देवक भाऊबंद ठरवतं, तसे बाहेरचे कोण तेही ठरवतं. फोर्टमधल्या त्या सत्रांत ज्यांनी वाजवलं त्यांतली काही नावं मी इथे मोठ्याने घेतो. संतूरवर शिवकुमार शर्मा. सरोदवर आशिष खाँ. बासरीवर एस. आर. केंकरे आणि हरिप्रसाद चौरसिया. सूरबहारवर चंद्रशेखर नारिंगरेकर. तारशहनाईवर विनायक व्होरा. सतारीवर शंभू दास आणि इंद्रनील भट्टाचार्य. तबला आणि पखवाजावर महापुरुष मिश्र.

गाणं अडीच मिनिटांचं आहे. आता लावतो. त्यानंतर प्रश्न घेऊ.